घटक ४ : दीपकाडी आणि चिरेखाण – एका दुर्मीळ वनस्पतीच्या संवर्धनाचा अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• प्रदेशनिष्ठ वनस्पती म्हणजे काय, हे उदाहरणासह सांगता येईल.
• कोकणातील सडा या अधिवासाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• चिरेखाणीमुळे सड्यावरील वनस्पतींवर होणाऱ्या परिणामांची कारणमीमांसा करता येईल.
• स्वस्थानी व परस्थानी संवर्धन यांतील फरक आणि त्यांच्या मर्यादा सांगता येतील.
• भूमीविषयीच्या शासकीय व लोकभाषेतील शब्दांचा संवर्धनाशी असलेला संबंध तपासता येईल.

४.१ प्रस्तावना

भांडुप पश्चिमेला क्वारी रोड नावाचा एक रस्ता आहे. आपल्यापैकी काहींचे घर त्याच परिसरात असेल, काहींची रोजची रिक्षा तेथूनच जात असेल. ‘क्वारी’ म्हणजे दगडखाण. डोंगराचा दगड फोडून शहर बांधले जात होते, त्या काळाची खूण या नावात शिल्लक राहिली आहे. मुंबईच्या उपनगरांतील अनेक डोंगरांच्या कडा अशाच तुटल्या. त्या दगडाची खडी झाली आणि ती रस्त्यांत, पुलांत आणि इमारतींच्या पायांत गेली. खाण थांबल्यावर उघडा पडलेला उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी वाढलेली वस्ती एवढेच डोळ्यांपुढे राहते. त्या डोंगरावर पूर्वी काय उगवत होते, हे सांगणारे कोणी उरत नाही.

भांडुपच्या डोंगराला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत आणि त्या लेण्यांच्या खडकांवर पावसाळ्यात उगवणारी एक लहानशी कंदवर्गीय वनस्पतीही आहे. तिची एक जवळची नातलग वनस्पती कोकणातील कातळावर वाढते. पहिलीच्या वाट्याला राष्ट्रीय उद्यानाचे कुंपण आले. दुसरीच्या वाट्याला मात्र चिरेखाण आली. या घटकात आपण प्रामुख्याने दुसरीचा विचार करणार आहोत.

हा विषय भांडुपमध्ये राहून का अभ्यासावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच चाळीत मिळेल. या उपनगरात रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणाऱ्या अनेकांच्या नावावर गावाकडे सड्याचा एखादा तुकडा आहे. तो खाणीसाठी द्यायचा की ठेवायचा, हा निर्णय पुष्कळदा गावात होत नाही. तो मुंबईत राहणाऱ्या भावंडांच्या सहीने होतो.

४.२ दीपकाडी : नाव आणि ओळख

वनस्पतिशास्त्रात प्रत्येक वनस्पतीला दोन पदांचे नाव असते. पहिले पद प्रजातीचे आणि दुसरे जातीचे. ‘डिपकाडी’ हे एका प्रजातीचे नाव आहे आणि तिच्यातील अनेक जाती आफ्रिका, दक्षिण युरोप व भारत येथे आढळतात. मराठीत या वनस्पतीला ‘दीपकाडी’ म्हणतात. भाषेच्या विद्यार्थ्याला हा शब्द पाहताच ‘दीप’ आणि ‘काडी’ असा समास वाटेल, आणि उभ्या दांड्यावर लागलेली पांढरी फुले पाहिल्यावर ती व्युत्पत्ती पटेलही. प्रत्यक्षात प्रजातीचे शास्त्रीय नाव पूर्वेकडील देशांतील एका कंदाच्या जुन्या नावावरून आले, असे मानले जाते. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दांत बसवून घेण्याची लोकभाषेची ही रीत आपण अन्यत्रही पाहिली आहे.

आपल्या अभ्यासासाठी या प्रजातीतील दोन जाती महत्त्वाच्या आहेत.

(अ) डिपकाडी सॅक्सोरम : ‘सॅक्सोरम’ या लॅटिन पदाचा अर्थ ‘खडकांची’ असा आहे. कान्हेरी लेण्यांच्या परिसरातील खडकांवर वाढणाऱ्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन फादर इथेलबर्ट ब्लॅटर यांनी केले. ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. तेथील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

(आ) डिपकाडी कोंकणेन्स : हिच्या नावातच कोकण आहे. मराठीत हिला ‘कोकण दीपकाडी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास निकोल अलेक्झांडर डॅल्झेल यांनी तिचे प्रथम वर्णन केले. याच डॅल्झेल यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. कोकणच्या जांभ्याच्या सड्यांपुरताच या वनस्पतीचा वावर मर्यादित आहे.

एखादी वनस्पती एका विशिष्ट भूप्रदेशातच आढळते आणि जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही, तेव्हा तिला प्रदेशनिष्ठ वनस्पती म्हणतात. ‘दुर्मीळ’ आणि ‘प्रदेशनिष्ठ’ या संज्ञा समानार्थी नाहीत, हे लक्षात घ्या. एखादी वनस्पती अनेक देशांत थोड्या थोड्या संख्येने असू शकते. अशा वेळी ती दुर्मीळ असेल, पण प्रदेशनिष्ठ नसेल. उलट, एखादी प्रदेशनिष्ठ वनस्पती तिच्या छोट्या प्रदेशात विपुलही असू शकते. कोकण दीपकाडीच्या बाबतीत धोका अधिक आहे, कारण तिचा प्रदेश लहान आहे आणि त्या प्रदेशातही ती ठरावीक कातळांवरच उगवते. असा एक कातळ नाहीसा झाला म्हणजे तिच्या जगाचा मोजता येण्याजोगा भाग नाहीसा होतो.

कोकण दीपकाडी कांद्यासारख्या भूमिगत कंदातून उगवते. आधुनिक वर्गीकरणानुसार तिचा समावेश शतावरीच्या कुलात होतो. पहिल्या पावसानंतर अरुंद, लांब पाने वर येतात. मग एक सरळ दांडा येतो आणि त्यावर पांढरी, लांब नळीची फुले उमलतात. फुलांनंतर बोंडे धरतात, त्यांतील चपटे बी वाऱ्याने व पाण्याने जवळपास पसरते. पाऊस सरला की पाने वाळून जातात आणि वनस्पती पुन्हा कंदाच्या रूपाने जमिनीत विसावते. वर्षाचा मोठा काळ ती दिसतच नाही. म्हणून उन्हाळ्यात सड्याची पाहणी करून ‘येथे काहीही नाही’ असा अहवाल दिला, तर तो डोळ्यांपुरता खरा असतो, पण वस्तुस्थितीला धरून नसतो.

आपली प्रगती तपासा – १
(१) ‘दुर्मीळ’ व ‘प्रदेशनिष्ठ’ या संज्ञांतील फरक चार वाक्यांत लिहा.
(२) कोकण दीपकाडीची पाहणी कोणत्या ऋतूत करावी आणि का?

४.३ सडा : एक वेगळे जग

दीपकाडीला समजून घ्यायचे तर ती ज्या भूमीवर उगवते ती भूमी समजून घ्यावी लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हापासून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. उष्ण हवा आणि प्रचंड पाऊस यांमुळे काही भागांत हा पाषाण दीर्घकाळ झिजत राहिला. पाण्याबरोबर त्यातील सिलिका आणि विरघळणारे क्षार निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली. अशा रीतीने तयार झालेला तांबडा, सच्छिद्र खडक म्हणजे जांभा. हा जमिनीतून काढताना तुलनेने मऊ असतो आणि उघड्या हवेत राहिल्यावर कठीण होतो. म्हणूनच त्याचे चिरे पाडता येतात. फ्रान्सिस बुखानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील अशा खडकाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले आहे. खडकाचे शास्त्रीय नावच त्याच्या बांधकामातील उपयोगावरून पडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जांभ्याचे विस्तीर्ण, सपाट माथे म्हणजे सडे. सह्याद्रीच्या शिरावर कासचे पठार, पन्हाळ्याजवळचे मसाई पठार, आंबोली परिसरातील पठारे असे उंचावरचे सडे आहेत. कोकणात समुद्रापासून थोड्याच अंतरावर कमी उंचीचे सडे आहेत. कासच्या पठाराचा समावेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. कोकणातील सड्यांना तसे नाव मिळाले नाही. त्यांच्यावर कोरलेल्या कातळशिल्पांमुळे मात्र अलीकडे त्यांची चर्चा सुरू झाली आहे. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे, बारसू आणि परिसरातील सड्यांवर ही शिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला.

सड्यावरील जीवन दोन टोकांमध्ये चालते. उन्हाळ्यात खडक इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. पावसाळ्यात त्याच खडकावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो. मातीचा थर कोठे बोटभर, कोठे वीतभर, तर कोठे नाहीच. अशा ठिकाणी मोठी झाडे वाढू शकत नाहीत. म्हणूनच सड्यावर लहान वनस्पतींचे राज्य असते.

या सपाट दिसणाऱ्या भूमीत अनेक सूक्ष्म अधिवास असतात. उघड्या खडकावर शेवाळे व दगडफुले वाढतात. खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात गेंद उगवतो. ओलसर मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती असतात. या मातीत नत्र कमी असल्यामुळे ती उणीव त्या कीटकांवाटे भरून काढतात. कवला, तेरडा आणि नाना प्रकारची गवते उरलेली जागा व्यापतात. त्यांपैकी बहुतेक वनस्पती एका पावसाळ्यातच जीवनक्रम पूर्ण करून बी मागे ठेवतात. दीपकाडीसारख्या कंदवर्गीय वनस्पती मात्र खडकाच्या भेगांतील मातीत तग धरून वर्षानुवर्षे त्याच जागी उगवतात. खडकाची नेमकी भेग, मातीची नेमकी खोली आणि पाण्याचा नेमका निचरा या तिन्ही गोष्टी जुळतील तेथेच त्यांचे घर असते.

सड्याचा संबंध केवळ फुलांशी नाही. सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पावसाचे पाणी सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वाडीतल्या विहिरी आणि पऱ्हे त्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात गुरे चारायला सड्यावर नेली जातात. म्हणजे गावाचे पाणी आणि वैरण ज्या भूमीशी जोडलेली आहेत, त्याच भूमीवर दीपकाडी उगवते.

४.४ चिरेखाण : कारणे आणि परिणाम

चिऱ्याचे घर ही कोकणाची जुनी ओळख आहे. ‘चिरेबंदी’ हा शब्द मराठीत भक्कमपणाचा पर्यायच होऊन बसला आहे. पूर्वी घर बांधणाऱ्याच्या गरजेपुरता चिरा काढला जाई. माणसे हातांनी तो तासत आणि खाण लहान राही. पुढे परिस्थिती पालटली. यंत्राने चिरे कापले जाऊ लागले, रस्ते सुधारल्यामुळे ट्रकने माल दूरवर जाऊ लागला आणि चिऱ्याला घाटावरही मागणी आली. खाणीचा आकार गावाच्या गरजेने ठरण्याऐवजी बाजाराच्या मागणीने ठरू लागला.

खाणीचा परिणाम टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा : खाण सुरू करताना वरची माती व खडकाचा झिजलेला थर खरवडून बाजूला टाकला जातो. दीपकाडीचे कंद, गवतांचे बी, एकपावसाळी वनस्पतींचा सारा बीजसाठा याच थरात असतो. चिरा निघण्यापूर्वीच सड्यावरील वनस्पतींचा मुख्य नाश झालेला असतो.

दुसरा टप्पा : खडक थरांनी कापला जातो आणि सरळ भिंतींचा खोल खड्डा तयार होतो. आजूबाजूच्या सड्यावरील पाणी त्या खड्ड्याकडे वळते. न फोडलेल्या भागातील उथळ खळगे लवकर कोरडे पडतात. परिणामी, खाणीच्या हद्दीबाहेरील वनस्पतींनाही झळ पोहोचते.

तिसरा टप्पा : कापताना उडणारी तांबडी धूळ आणि मोडक्या चिऱ्यांचे ढीग भोवताली पसरतात. ट्रकच्या वाटांनी माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत बी रुजत नाही.

चौथा टप्पा : खाण संपल्यावर खड्डा तसाच राहतो. त्यात माती भरून झाडे लावली, तरी तेथे सडा पुन्हा निर्माण होत नाही. जांभ्याचा तो पृष्ठभाग घडण्यास लागलेला काळ मानवी कालगणनेत बसत नाही.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. सड्याच्या ऱ्हासाचे सगळे खापर चिरेखाणीवर फोडणे वस्तुनिष्ठ होणार नाही. सुरुंगाने कातळ फोडून, बाहेरून माती आणून आंब्या-काजूची कलमे लावणे, रस्ते व इमारती, अनिर्बंध पर्यटन हीही कारणे आहेत. उंच पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारे हे त्याचे उदाहरण होय. तसेच खाण म्हणजे केवळ लोभ, असे समजणेही अपुरे ठरेल. ज्याला सड्यातून पीक मिळत नाही, त्याला खाणीतून मुलांच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. खाणीवर राबणारे मजूर अनेकदा परप्रांतातून आलेले असतात आणि त्यांची चूल त्याच धुळीत पेटते. संवर्धनाचा विचार या माणसांना वगळून केला, तर तो टिकत नाही.

याचा एक धडा भांडुपच्या परिसराजवळच मिळालेला आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या रक्षणासाठी १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याबाबत आदेश दिले. वनाचे रक्षण आवश्यक होते, पण त्याचबरोबर तेथे राहणाऱ्या हजारो कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही उभा राहिला. निसर्गाची बाजू घेताना माणसाच्या निवाऱ्याचे उत्तरही द्यावे लागते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आपली प्रगती तपासा – २
(१) चिरेखाणीचे परिणाम खाणीच्या हद्दीबाहेरही का होतात?
(२) खाणीच्या खड्ड्यात झाडे लावणे म्हणजे सड्याचे संवर्धन नव्हे. कारणे द्या.

४.५ शब्द आणि कायदा

आपण मराठी भाषेचे विद्यार्थी आहात. म्हणून एका शब्दाकडे आपले लक्ष वेधायचे आहे. आपल्या सातबारा उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राशेजारी ‘पोटखराबा’ असे लिहिलेले आढळेल. ज्या जमिनीत पीक घेता येत नाही, ती पोटखराबा. महसुलाच्या दृष्टीने ही नोंद अचूक आहे, कारण शेतसारा आकारताना ते क्षेत्र वगळावे लागते. परंतु नोंदवहीतील शब्द हळूहळू मनात उतरतो. ज्यावर आकार नाही ती जमीन ‘खराब’, आणि जी खराब तिचे काहीही केले तरी नुकसान नाही, अशी समजूत त्यातून रुजते. ‘ओसाड’, ‘पडीक’, ‘उजाड माळ’ हे शब्दही असेच वापरले जातात. याउलट ‘सडा’, ‘कातळ’, ‘पऱ्हा’, ‘खळगा’ हे लोकभाषेतील शब्द त्या भूमीचे नेमके रूप सांगतात. जेथे नेमका शब्द असतो, तेथे पाहण्याची नजरही असते.

आता कायद्याकडे वळू. बांधकामाचा दगड हा १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमानुसार ‘गौण खनिज’ ठरतो. त्याविषयीचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये गौण खनिज उत्खननाचे नियम केले. उत्खननासाठी महसूल यंत्रणेची परवानगी आणि शासनाला स्वामित्वधन देणे आवश्यक असते. येथेही ‘गौण’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. खनिज गौण आहे म्हणून त्याच्या उत्खननाचा परिणाम गौण ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात नेमके हेच अधोरेखित केले. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरणीय मंजुरीची आवश्यकता असल्याचे न्यायालयाने सांगितले. एक एक खाण लहान असली, तरी त्यांचा एकत्रित परिणाम मोठा होतो, हे त्यामागील सूत्र आहे.

तरीही एक उणीव राहते. कोकणातील बरेचसे सडे खासगी मालकीचे आहेत आणि त्यांवर झाडे नसल्यामुळे त्यांची गणना वनात होत नाही. वनाला मिळणारे संरक्षण त्यांना आपोआप मिळत नाही. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये दुसरा अहवाल दिला. पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनाही वेळोवेळी निघाल्या. त्यांपैकी सहावी ३१ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. परंतु समुद्राजवळच्या कमी उंचीच्या सड्यांचा प्रश्न केवळ घाटाच्या नकाशातून सुटणारा नाही.

४.६ संवर्धनाचे मार्ग

संवर्धनाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

(अ) स्वस्थानी संवर्धन : वनस्पती जेथे नैसर्गिकरीत्या वाढते, तेथेच तिचे रक्षण करणे. कान्हेरीच्या खडकांवरील दीपकाडीला राष्ट्रीय उद्यानामुळे हे संरक्षण मिळाले. ते खास तिच्यासाठी योजलेले नव्हते, पण वनाबरोबर तिचा खडकही वाचला. कोकणात मात्र प्रत्येक सड्यावर राष्ट्रीय उद्यान उभारणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तेथे २००२ च्या जैविक विविधता अधिनियमातील तरतुदी अधिक उपयोगी पडतात. या अधिनियमाच्या कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून ‘जैवविविधता वारसा स्थळ’ घोषित करू शकते. आंबोली येथील हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात आढळलेल्या दुर्मीळ माशासाठी २०२१ मध्ये तो परिसर असा वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. एका लहान माशासाठी जे होऊ शकले, ते एका लहान फुलासाठीही होऊ शकते. कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. ही समिती ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करते. दीपकाडीचा सडा या नोंदवहीत लिहिला गेला, तर परवानगीच्या वेळी पुढे ठेवण्यास लेखी आधार मिळतो.

(आ) परस्थानी संवर्धन : वनस्पतीला तिच्या अधिवासाबाहेर, म्हणजे वनस्पती उद्यानात, रोपवाटिकेत किंवा बीजपेढीत जतन करणे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पती उद्यानात पश्चिम घाटातील दुर्मीळ व प्रदेशनिष्ठ वनस्पतींचे जतन केले जाते. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरंग यादव यांनी कंदीलपुष्प वर्गातील वनस्पतींच्या अभ्यासासाठी व संवर्धनासाठी केलेले कार्य प्रसिद्ध आहे.

परस्थानी संवर्धन हा विम्यासारखा उपाय आहे. घर जळाल्यावर विम्याची रक्कम मिळते, पण ती रक्कम म्हणजे घर नव्हे. कुंडीतील दीपकाडी जिवंत राहील. परंतु तिच्या फुलांवर येणारे कीटक, शेजारचे गवत, खडकाच्या भेगेतील ओल या गोष्टी कुंडीत येत नाहीत. पांढरी, लांब नळीची फुले बहुधा सायंकाळनंतर फिरणाऱ्या पतंगांच्या सोंडेशी जुळलेली असतात. पतंग नाही, तर परागण नाही आणि परागण नाही, तर बी नाही. म्हणून ‘आधी कंद काढून उद्यानात लावू, मग खाण करू’ हा प्रस्ताव वरवर समंजस वाटला, तरी तो पहिल्या पसंतीचा उपाय ठरू शकत नाही.

या दोन्ही पद्धतींना पूरक असे काही व्यवहार्य उपाय पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. उत्खननाची परवानगी देण्यापूर्वी सड्याची पाहणी पावसाळ्यात करणे.
२. गावाच्या हद्दीतील सड्यांची वर्गवारी करणे. जेथे दुर्मीळ वनस्पती वा कातळशिल्पे आहेत, ते भाग राखणे आणि खाणीसाठी कमी संवेदनशील जागा निवडणे.
३. राखलेल्या भागाभोवती पुरेसा पट्टा न फोडता ठेवणे, म्हणजे पाण्याचा मार्ग बदलणार नाही.
४. जुनी घरे पाडताना निघालेले चिरे पुन्हा वापरणे.
५. सडा राखणाऱ्या मालकाला नियंत्रित निसर्गपर्यटन किंवा शासकीय साहाय्य यांतून उत्पन्नाचा मार्ग देणे.

यांपैकी पाचवा उपाय सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. जो राखतो त्याने तोटा सोसावा आणि जो फोडतो त्याला नफा व्हावा, अशी व्यवस्था असेल, तर केवळ उपदेशाने काहीही वाचणार नाही.

४.७ विचारासाठी एक प्रसंग

पुढील प्रसंग कल्पित आहे, पण अपरिचित वाटणार नाही. भांडुपला राहणाऱ्या एका गृहस्थांना गावाहून थोरल्या भावाचा दूरध्वनी येतो. “अरे, सड्याची जागा खाणीला मागतात. कागद पाठवतो, तू आणि ताईने सह्या करा. नाहीतरी तिथे काय पिकतं?” गृहस्थांच्या धाकट्या मुलीचे महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे आहे. गावच्या घराची कौलेही बदलायची आहेत. ते सही करण्याचे ठरवतात. तेवढ्यात त्यांची आई म्हणते, “सही कर हो, पण आधी सांग, आपल्या वाडीच्या विहिरीला पाणी कुठून येतं?”

गृहस्थांना उत्तर देता येत नाही. ते भावाला पुन्हा दूरध्वनी करतात आणि म्हणतात, “दादा, पावसात मी येतो. एकदा सडा बघू, मग ठरवू.”

या प्रसंगात कोणीही दुष्ट नाही. थोरल्या भावाची अडचण खरी आहे आणि आईची शंकाही खरी आहे. गृहस्थांनी खाणीला नकार दिलेला नाही. त्यांनी फक्त पाहण्यासाठी एक पावसाळा मागून घेतला आहे. संवर्धनाची सुरुवात पुष्कळदा एवढ्यानेच होते. आपण त्यांच्या जागी असता, तर सड्यावर गेल्यावर कोणत्या गोष्टी पाहिल्या असत्या? निर्णय कोणत्या आधारावर घेतला असता? हे प्रश्न परीक्षेसाठी जेवढे आहेत, तेवढेच व्यवहारासाठीही आहेत.

४.८ सारांश

कोकण दीपकाडी ही जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारी प्रदेशनिष्ठ, कंदवर्गीय वनस्पती आहे. तिची नातलग जाती कान्हेरीच्या खडकांवर आढळते आणि राष्ट्रीय उद्यानामुळे तिला संरक्षण मिळाले आहे. सड्यावरील मातीचा पातळ थर, भेगा आणि खळगे यांवर तेथील जीवसृष्टी अवलंबून असते. चिरेखाणीत हाच थर सर्वप्रथम नष्ट होतो. सड्यांची नोंद पोटखराबा अशी होत असल्यामुळे आणि त्यांची गणना वनात होत नसल्यामुळे त्यांना पुरेसे संरक्षण मिळत नाही. स्वस्थानी संवर्धन हा मुख्य मार्ग असून परस्थानी संवर्धन त्याला पूरक आहे. जमीनमालक, खाणमजूर आणि गाव यांच्या उपजीविकेचा विचार केल्याशिवाय कोणताही उपाय टिकाऊ ठरत नाही.

४.९ पारिभाषिक शब्द

अधिवास : सजीव ज्या नैसर्गिक परिस्थितीत राहतो ते स्थान.
कंदवर्गीय वनस्पती : प्रतिकूल ऋतूत जमिनीखालील कंदाच्या रूपाने टिकून राहणारी वनस्पती.
गौण खनिज : कायद्यानुसार बांधकामाचा दगड, वाळू, मुरूम इत्यादी खनिजे.
जांभा : लोहयुक्त, तांबडा, सच्छिद्र खडक.
पोटखराबा : धारण जमिनीतील लागवडीस अयोग्य क्षेत्र.
स्वामित्वधन : खनिज काढल्याबद्दल शासनास द्यावयाची रक्कम.

४.१० स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी सुमारे १५० शब्दांत लिहा.
१. सड्यावरील सूक्ष्म अधिवासांचे वर्णन करा.
२. स्वस्थानी व परस्थानी संवर्धनाची तुलना करा.
३. ‘नोंदवहीतील शब्द मनात उतरतो’ या विधानाची पोटखराबा या शब्दाच्या आधारे चर्चा करा.

(आ) क्षेत्रकार्य
पुढीलपैकी कोणतेही एक कार्य करा.
१. आपल्या गावच्या सड्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोला. तेथील फुले, गवते, झरे व खळगे यांची त्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे ऋतू आणि उपयोग नोंदवा.
२. आपले मूळ गाव कोकणात नसेल, तर भांडुप परिसरातील डोंगराविषयी जुन्या रहिवाशांची मुलाखत घ्या. दगडखाणीच्या काळातील कामाचे स्वरूप, तेव्हाचे शब्द आणि डोंगरावर उगवणाऱ्या भाज्या व फुले यांची माहिती संकलित करा.

कार्य करताना कोणतीही वनस्पती उपटू नका. छायाचित्र आणि टिपण पुरेसे आहे. दुर्मीळ वनस्पतीचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करू नका, कारण हौशी संग्राहकही तिच्यासाठी खाणीइतकेच घातक ठरू शकतात. आपण गोळा केलेली नावे आपल्या संपर्क सत्रात अवश्य आणा. गावच्या नोंदवहीत ती अजून लिहिली गेली नसतील, तर तेथे पोहोचवण्याचे कामही आपणच करू शकाल.